वैद्याचे बेट

वैशाख सरत आला की कुडाळजवळच्या पिंगुळी गावात घरोघरच्या परसांत रातांबे पिकतात आणि त्यांची सोले अंगणात वाळू लागतात. गोव्याकडे याच फळास भिरंड म्हणतात. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी एका परदेशी वैद्याने हा शब्द ऐकला आणि आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वळणाने लिहून ठेवला. त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता. मुंबईचे बेट एके काळी या वैद्याकडे खंडाने होते, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल.

ऑर्ताचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. इ. स. १४९२ मध्ये तेथील राजाराणीने सर्व यहुद्यांना देशाबाहेर घालवले, तेव्हा ते पोर्तुगालात आले. पण पाचच वर्षांत तेथेही यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा घरातला हा मुलगा वैद्यक शिकला, लिस्बनला अध्यापक झाला आणि १५३४ साली गलबतात बसून गोव्यास आला. पुढे त्याची आई व बहिणीही येथे आल्या. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहासही तो औषधोपचार करीत असे.

त्याच १५३४ च्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यांपैकी मुंबईचे बेट १५५४ च्या सुमारास ऑर्ताकडे होते. खंड वैद्याच्या नावावर असे. माडावर चढणारे आणि शेतात राबणारे लोक मात्र बेटावरचेच. या बेटावरील आपला एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असे त्याने मोठ्या कौतुकाने लिहिले आहे.

त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो संवादरूप आहे. रुआनो नावाचा एक कल्पित पाहुणा प्रश्न विचारतो आणि ऑर्ता उत्तरे देतो. युरोपातील पंडित तेव्हा प्राचीन ग्रीक ग्रंथांचा शब्द अखेरचा मानीत. ऑर्ताने मात्र मिरी, वेलदोडा, फणस, आंबा स्वतः पाहिले, चाखले, बाजारात विचारपूस केली. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही या संवादात येतो. पटकीच्या साथीचे त्याने केलेले वर्णन तर अंगावर शहारे आणते. या रोगाचे त्याने दिलेले देशी नाव म्हणजे आपली मोडशीच होय! चारच वर्षांत ग्रंथाचा लॅटिन सारानुवाद निघाला आणि ऑर्ताचे ज्ञान युरोपभर पोहोचले.

परंतु १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले होते. ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढल्याच वर्षी, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले. तेवढ्यानेही न्यायाधीशांचे समाधान झाले नाही. १५८० साली ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून तीही जाळली. मेलेल्या माणसावर खटला चालवणारे ते न्यायालय किती भ्याले असेल!

बेट १६६५ साली इंग्रजांच्या ताब्यात गेले. ऑर्ताचा म्हणून सांगितला जाणारा वाडा त्यांना आयताच मिळाला आणि त्याच्याभोवती त्यांनी किल्ला बांधला. त्या जागी आज भारतीय नौदलाचा तळ आहे, आणि त्याला नाव आहे ते कोकणच्या कान्होजी आंग्रे यांचे. ऑर्ताच्या नावाची बाग पणजीत आहे.