बेसवाल्यांचे कबुलीजबाब

बँडमध्ये बेस वाजवणाऱ्याला सहसा कुणी काही विचारत नाही. लीड गिटारवाल्याकडे सोलोची फर्माईश होते, ड्रमरवर टेम्पोवरून ओरडा होतो, गायकाचं तर बोलायलाच नको. बेसवाला मागे उभा असतो, त्यामुळे त्याला काय येतं आणि काय येत नाही हे वर्षानुवर्षं झाकलेलं राहतं. चार बेसवाले एकत्र बसले की मात्र एकेक गोष्ट बाहेर पडते. कुणी घेतल्यापासून तारा बदललेल्या नाहीत. कुणाला नोटेशन येत नाही. कुणी एकाच बोटाने वाजवतो. कुणी पाच तारांचा बेस घेतलाय आणि पाचवी तार फक्त अंगठा टेकवायला वापरतो!

मित्रहो, या सगळ्या कबुल्या सारख्या नाहीत. ज्यांची आपल्याला सर्वांत जास्त लाज वाटते त्यातल्या बऱ्याचशा अगदी निरुपद्रवी आहेत. आणि जी एक खरोखर जीव घेऊ शकते, तिची कुणाला लाज वाटताना दिसत नाही. कुठली कबुली कुठल्या प्रकारची, हे फिजिक्सवरून ठरवता येतं.

सुरुवात थेट बनवणाऱ्यापासून करू. लिओ फेंडर (१९०९-१९९१) हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, शिक्षणाने अकाउंटन्सीचा. १९५१ मध्ये त्याने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला आणि इलेक्ट्रिक बेस जगभर पोहोचला. या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने ते लपवलं नाही. नवीन वाद्य तयार झालं की तो ते वाजवणाऱ्या माणसांच्या हातात द्यायचा आणि काय चुकलंय ते ऐकून घ्यायचा. ‘प्रिसिजन’ हे नाव फ्रेट्समुळे आलं. उभ्या डबल बेसला फ्रेट नसतात, तिथे सूर बोटाच्या अंदाजावर असतो. इथे ८६४ मिलिमीटर लांबीच्या तारेवर प्रत्येक फ्रेटची जागा गणिताने ठरते. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागलं की पुढचा फ्रेट किती अंतरावर ते मिळतं. पहिला साधारण ४८.५ मिलिमीटरवर, आणि बारावा बरोब्बर मध्यावर.

आता तारांची गोष्ट. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य हिट गाण्यांत बेस वाजवला जेम्स जेमर्सनने. त्याच्याकडे १९६२ चा प्रिसिजन होता, त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. वाजवायचा उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने. म्हणजे दोन मोठ्या ‘लाजिरवाण्या’ गोष्टी एकाच माणसात. खरी लाजिरवाणी गोष्ट वेगळीच होती. १९७१ मध्ये मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर त्याचं नाव छापलं गेलं, तोपर्यंत मोटाउनच्या रेकॉर्डवर बेस कुणी वाजवलाय हे ऐकणाऱ्याला कळायचं नाही.

पण म्हणून आपण जुन्या तारा चालवाव्यात का? तारेची फ्रिक्वेन्सी तिची लांबी, ताण आणि दर मीटरचं वजन यांवर ठरते. जाड ई तारेला ४१.२ हर्ट्झ मिळवायला साधारण १६-१७ किलोचा ताण लागतो. राउंडवाउंड तारेवर बाहेरून गोल तार गुंडाळलेली असते, तिच्या खाचांत घाम, तेल, कातडीचे कण भरतात. त्याने वरचे हार्मोनिक्स लवकर विझतात. मळ सगळीकडे सारखा नसतो, म्हणून वजन कमी-जास्त होऊन सूरही किंचित बिघडतो. फ्लॅटवाउंड तार बाहेरून सपाट असते, तिला हा त्रास कमी. जेमर्सनला गोल, बोथट आवाज हवाच होता, शिवाय ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडाही होता. त्याचं चाललं.

आपल्याकडे अडचण स्पीकरची आहे. खोलीतल्या छोट्या अँपमधून ४१ हर्ट्झ धड बाहेरच पडत नाही. तरीही आपल्याला तो सूर ‘ऐकू’ येतो, कारण ८२, १२४, १६५ हर्ट्झचे हार्मोनिक्स ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. जुन्या तारेत हे हार्मोनिक्सच मेलेले असतात. म्हणजे छोटा स्पीकर आणि मेलेली तार एकत्र आले की बेस गायबच होतो, आणि मग आपण नवीन अँपची किंमत विचारायला निघतो. आधी तारा बदला. पैसे नसतील तर जुन्या तारा उकळून घ्यायची युक्ती आहे, तेलकट मळ निघतो आणि थोडे दिवस चकाकी परत येते. नंतर पूर्ण कोरड्या करायच्या, नाहीतर गंज. (हॉस्टेलवाल्यांनो, बादलीत इमर्शन रॉड लावून त्यात तारा टाकू नका. लोखंडी तार, पाणी आणि २३० व्होल्ट हे त्रिकूट वाईट.)

नोटेशनचं तर बोलायलाच नको, सगळेच जण हे हळू आवाजात सांगतात. पॉल मॅकार्टनीला नोटेशन वाचता येत नाही, आणि हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलेलं आहे. १९६१ मध्ये बीटल्सचा बेसिस्ट बँड सोडून गेल्यावर ते काम त्याच्याकडे आलं. हॅम्बुर्गमध्ये त्याने हॉफनर घेतला तो स्वस्त होता म्हणून, आणि दोन्ही बाजूंनी सारखा आकार असल्यामुळे डावखुऱ्याने उलटा धरला तरी विचित्र दिसणार नाही म्हणून! याच्या उलट उदाहरण आपल्या जवळचं आहे. मुंबईच्या हिंदी फिल्म ऑर्केस्ट्रात गोव्याचे वादक एवढ्या मोठ्या संख्येने होते, त्याचं एक कारण म्हणजे चर्चच्या शाळांत ते स्टाफ नोटेशन शिकून आलेले होते. शंकर-जयकिशनसाठी अरेंजिंग करणारे सेबॅस्टियन डिसूझा त्यांच्यातलेच. समोर कागद ठेवला की लगेच वाजवायचं, असं ते काम. तेव्हा नोटेशन न येणं ही लाज नाही, पण वाचता येणं हे पोट भरण्याचं साधन होऊ शकतं, एवढं खरं.

प्लेक्ट्रमने वाजवणाऱ्यांनी कॅरोल केचं नाव लक्षात ठेवावं. ती मूळची गिटारिस्ट. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही म्हणून तिने बेस हातात घेतला, आणि पुढे अमेरिकेतली सर्वांत जास्त रेकॉर्ड झालेल्या बेसिस्टांपैकी एक झाली. प्लेक्ट्रमने.

आता ज्या अज्ञानाने पैसे जातात ते पटकन सांगतो. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि तिचा स्विच म्हणजे केबलचा जॅक. व्हॉल्यूम शून्य केला तरी केबल आत असेल तर बॅटरी चालूच. रात्रभर केबल लावून ठेवणाऱ्याची बॅटरी लवकर संपणारच. दुसरं, बेस गिटारच्या अँपमध्ये लावणं. हळू आवाजात चालतं. पण तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या कोनला किती पुढे-मागे जावं लागतं ते फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. गिटारची खालची ई ८२.४ हर्ट्झ, बेसची ४१.२. निम्मी फ्रिक्वेन्सी म्हणजे चौपट हालचाल. कोन फाटतो तो इथे. तिसरं, ट्रस रॉडची भीती. नेकच्या आत एक स्टीलचा रॉड असतो. चार तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोने नेक पुढे ओढतात, रॉड त्याला विरोध करतो. पावसाळ्यात लाकूड ओलावा घेतं आणि नेकचा बाक बदलतो, मग तारा खरखरतात. योग्य मापाची किल्ली, एका वेळी पाव फेरा, मग थांबून बघायचं. अडलं की जोर लावायचा नाही. यात घाबरण्यासारखं एवढंच आहे.

आणि आता ती कबुली, जी लोक हसत हसत, जवळजवळ अभिमानाने सांगतात: “हम येत होता ना, मी थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकली. हम बंद!”

हम खरोखर बंद होऊ शकतो, कारण दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली की ग्राउंड लूप तयार होतो आणि त्यात ५० हर्ट्झ शिरतो. पिन काढली की लूप तुटतो. पण बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट अँपच्या चासिसला जोडलेल्या असतात. अर्थ नसेल आणि आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, तर तुमच्या बोटांखाली २३० व्होल्ट. तोवर काहीच जाणवणार नाही, फार तर बारीक झिणझिण्या येतील. मायक्रोफोन मात्र पीए सिस्टीममधून अर्थला जोडलेला असतो. हात तारेवर आणि ओठ माइकवर, म्हणजे सर्किट तुमच्या छातीतून पूर्ण होतं. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झी इथे स्टेजवर असाच गेला. तिथे अर्थिंग माइकचं नीट नव्हतं. बाजू कुठलीही असो, मधे माणूस असतो.

हम घालवायचे खरे उपाय वेगळे आहेत. अँप आणि पीए एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डवर लावा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर डीआय बॉक्स घेऊन त्यावरचा ग्राउंड लिफ्ट वापरा, तो फक्त सिग्नलचं ग्राउंड तोडतो, अँपच्या चासिसचं अर्थिंग शाबूत राहतं. जॅझ बेस असेल तर दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडून बघा. त्यांची वाइंडिंग एकमेकांच्या उलट असते, त्यामुळे दोघांतला हम एकमेकांना मारतो, आणि एक नॉब जरा खाली केला की परत येतो. गॅदरिंगच्या स्टेजवर मांडववाल्याच्या बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते साउंड चेकच्या आधी विचारा. नसेल तर इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटच्या लॅब असिस्टंटना गाठा, टेस्टर घेऊन येतात.