मळमळीचा माग

उलटी झाली की घर धावतं. नुसती मळमळ असली तर कुणी ढुंकून पाहत नाही. हातावर आल्याचा तुकडा ठेवतात, लिंबू-साखर देतात आणि विषय संपतो. आमच्या अचलपूरच्या घरी सासूबाईंची मळमळ पावसाळ्यात सुरू झाली, ती आंबिया बहाराची संत्री बाजारात आली तरी हटेना. कारण सापडेपर्यंत मी जे शिकले, ते लिहिते.

1. ‘पित्त’ म्हटलं की शोध थांबतो.
आपल्याकडे चक्कर आली तर पित्त, डोकं दुखलं तर पित्त. मेडिकलवाला पित्ताची गोळी देतो, चार दिवस बरं वाटल्यासारखं होतं. जठराला खरोखर सूज असू शकते, नाही असं नाही. ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल 1984 साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतःच प्यायले. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, दुर्बिणीतून जठराची सूज दिसली. 2005 साली त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं. पण या जंतूंची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर पँटोप्राझोलसारखी गोळी साधारण दोन आठवडे आधी बंद लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘नाही’ म्हणू शकतो. हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

2. मळमळ एकटी येत नाही. सोबत कोण येतं ते लिहून ठेवा.
“सूनबाई, फोडणी नको देऊ वं, वासानंच मयमयते मले,” असं म्हणत सासूबाई ओसरीवर जाऊन बसायच्या. बहिरमच्या यात्रेतल्या रोडग्यांना कधी नाही न म्हणणारी बाई वरणभातावर आली. मी मुलाच्या जुन्या वहीत लिहू लागले: कधी होते, जेवणाआधी की नंतर, चक्कर येते का, डोकं दुखतं का. पोटाशी संबंध नाही असं वाटलेलंही लिहिलं. पोट साफ होत नाही. रात्री उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी रिकामा. लघवीला दोन-तीनदा उठणं. थंडीच्या दिवसांत एवढी तहान कशाची? साखर तपासली, ती बरोबर निघाली. मामाजी, म्हणजे सासरे, म्हणाले, “वय झालं.” वय हेही पित्तासारखंच, कुठंही चिकटवता येतं.

3. सोनोग्राफीत जे दिसलं तेच कारण, असं नसतं.
पित्ताशयात एक खडा निघाला आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. ऑपरेशनची तारीखही सुचवली गेली. पण पित्ताशयातले खडे कितीतरी लोकांना असतात आणि बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाहीत. त्रास देणारा खडा सहसा तेलकट जेवणानंतर वरच्या पोटात, उजवीकडे, कळ आणतो. ती उजव्या खांद्यापर्यंत जाते. सासूबाईंना तशी कळ एकदाही आली नव्हती. दुसरं मत घ्यायला आम्ही अमरावती गाठली. पन्नासेक किलोमीटरचा तो प्रवास सार्थकी लागला.

4. तपासण्यांच्या आधी औषधांची पिशवी उघडा.
तिथल्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, “आजी घेतात ते सगळं आणलं का?” सुदैवानं पिशवी सोबत होती. टेबलावर ओतली तेव्हा बीपीच्या गोळ्या निघाल्या, अर्ध्या सोललेल्या पेनकिलरच्या पट्ट्या निघाल्या, शिबिरात मिळालेल्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्या, पुण्याच्या भाचीनं पाठवलेली हाडांच्या गोळ्यांची बाटली, आणि गुडघ्यासाठी दर पंधरा दिवसांनी घेतलेल्या सुयांचे खोके.

डॉक्टरांनी कागदावर बेरीज मांडली. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 600 युनिट ड जीवनसत्त्व पुरतं. आठवड्याच्या पुडीत 60,000. सुईत 6,00,000, म्हणजे एका सुईत हजार दिवसांची बेगमी! आणि त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या. एकेक देणाऱ्यानं आपापल्या जागी गुडघ्यांचाच विचार केला होता; बेरीज मात्र कुणीच केली नव्हती. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठ, तहान, सारखी लघवी, पुढे गोंधळल्यासारखं वागणं आणि मूत्रपिंडांना इजा. वहीतली प्रत्येक ओळ जागेवर बसली. रक्तातलं कॅल्शियम 8.5 ते 10.5 च्या आसपास हवं. त्यांचं बाराच्या पुढे होतं.

मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, पेनकिलर, काही अँटिबायोटिक यांनीही मळमळतं. पण म्हणून मधुमेहाची किंवा बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. वेळ किंवा मात्रा बदलूनही भागतं.

5. आपल्या मुलखातली कारणं डॉक्टरांना आपणच सांगावीत.
बाहेरचा डॉक्टर फवारणीबद्दल विचारेलच असं नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. मळमळ, घाम, अंधुक दिसणं ही त्या विषाची लक्षणं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यानं तो सांगावा; बायका तो लपवतात, लपवू नये. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसानं पाण्याचं सांगावं आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं, कारण मूत्रपिंडं थकली की अन्नाचा तिटकारा येतो.

6. काही वेळा वही लिहीत बसायचं नसतं.
रक्ताची उलटी, शौचाला डांबरासारखी काळी होणं, डोळे पिवळे होणं, गिळताना अडकणं, वजन उतरणं, सकाळी डोकं ठणकून उलटी होणं: लगेच दवाखाना. वयस्क किंवा मधुमेही माणसाला अचानक मळमळून दरदरून घाम सुटला तर आधी ईसीजी. छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो.

7. कारण सापडलं म्हणून दुसऱ्या दिवशी भूक लागत नाही.
पुड्या, सुया, हाडांच्या गोळ्या बंद झाल्या, सलाईन लागली, कॅल्शियम उतरत गेलं. साठलेलं ड जीवनसत्त्व निचरायला महिने लागतात आणि तोवर रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. खडा अजून पित्ताशयातच आहे, त्रास नाही, म्हणून ऑपरेशनही नाही.

तुमच्याही घरी गुडघ्यांसाठी सुया सुरू असतील तर आज एवढं करा: कुणी काय दिलं आणि किती युनिटचं, हे एका कागदावर लिहा आणि पुढची सुई घेण्याआधी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.