इंग्रजीचे आकलन : परीक्षा आणि पारख

शालेय शिक्षण मातृभाषेतून पूर्ण करून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच आठवड्यात एक अदृश्य भिंत उभी राहते. रसायनशास्त्राचे वा अर्थशास्त्राचे व्याख्यान इंग्रजीतून होते, संदर्भग्रंथही इंग्रजीतच असतात. वर्षाअखेरीस तो अनुत्तीर्ण झाला, तर त्याला विषय कळला नाही की भाषा, हे गुणपत्रिकेवरून सांगता येत नाही. बहुधा दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. आकलनाची स्वतंत्र आणि न्याय्य चाचणी का हवी, याचे उत्तर या प्रसंगातच आहे.

कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे १८५७ मध्ये विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हापासून इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला प्राधान्य मिळत आले. नेमलेले पुस्तक, त्यावरील ठरावीक प्रश्न आणि पाठ केलेली उत्तरे ही परंपरा दीर्घकाळ टिकली. अशा परीक्षेतून स्मरणशक्तीचे मोजमाप होते. परंतु अपरिचित मजकूर वाचून वा ऐकून विद्यार्थ्याला किती कळते, हे समजत नाही. ढाका येथे अध्यापक-प्रशिक्षणाचे कार्य करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ मधील आपल्या ग्रंथात बंगालमधील विद्यार्थ्याला सर्वांत आधी इंग्रजी वाचून समजण्याची गरज आहे, असे प्रतिपादन केले होते. हैदराबाद येथे १९५८ मध्ये इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाल्यावर या प्रश्नांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाला चालना मिळाली.

वाचनाकलनाची चाचणी वरकरणी सोपी भासते. उतारा द्यावा, खाली प्रश्न विचारावेत, एवढेच. परंतु प्रश्न कसा आहे यावर सारे अवलंबून असते. ‘चिलाटाने सकाळी भुरुंगात झिंबर पेरला’ या निरर्थक वाक्यावर ‘चिलाटाने झिंबर कोठे पेरला?’ असा प्रश्न केला, तर ‘भुरुंगात’ असे अचूक उत्तर कोणीही देईल. मात्र चिलाट कोण आणि झिंबर म्हणजे काय, हे उत्तर देणाऱ्यास ठाऊक नसते. ज्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे उचलून देता येते, तो आकलनाचा प्रश्न नव्हे. चांगला प्रश्न कारण विचारतो, दोन विधानांचा संबंध विचारतो, किंवा लेखकाने स्पष्ट न सांगितलेले परंतु सूचित केलेले ओळखावयास लावतो.

बहुपर्यायी प्रश्नांत दुसरा धोका संभवतो. चार पर्यायांचे वीस प्रश्न असतील, तर उतारा न वाचताही केवळ अंदाजाने सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात. म्हणून पाच-सहा गुणांना ‘थोडेसे आकलन’ समजणे चूक ठरते. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली क्लोझ पद्धती हा दोष टाळते. तीत उताऱ्यातील साधारणतः दर पाचवा वा सातवा शब्द गाळलेला असतो, आणि वाचकाने संदर्भावरून तो भरावयाचा असतो. वाक्यरचना आणि आशय या दोहोंची पकड असल्याखेरीज हे साधत नाही.

उताऱ्याची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. हू आणि नेशन यांच्या २००० मधील अभ्यासानुसार ललित मजकूर इतरांच्या साहाय्याविना नीट समजण्यास त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहाच शब्द अनोळखी. परंतु शब्द ठाऊक असणे पुरेसे नसते. स्टेफन्सन, जोगदेव व अँडरसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रे दिली होती. एकात भारतीय विवाहाचे, तर दुसऱ्यात अमेरिकन विवाहाचे वर्णन होते. प्रत्येक गटाने आपल्या समाजातील विवाहाचे पत्र अधिक वेगाने वाचले व त्यातील अधिक तपशील स्मरणात ठेवला. वधूने आजीचा विवाहवेष परिधान करणे अमेरिकन वाचकाला परंपरेचे वैभव वाटते. एका भारतीय वाचकाने मात्र तो वेष जुनापुराणा असल्याचा अर्थ काढला. येथे उणीव इंग्रजीची नव्हती. खेड्यातील विद्यार्थ्याला बर्फावरील खेळांचा उतारा देणारा परीक्षक नकळत भाषेऐवजी अनुभवाची परीक्षा घेत असतो.

श्रवणाकलनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. छापील ओळीकडे पुन्हा वळता येते, ऐकलेले वाक्य मात्र तत्क्षणी विरून जाते. लिखाणात शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात तशी नसते. शिवाय इंग्रजीत आघाताचे स्थान बदलताच परिचित शब्दही अनोळखी होतो. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या अवयवावर येणारा आघात ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर सरकतो आणि भोवतालचे स्वर बदलतात. डोळ्यांनी शब्द शिकलेल्या विद्यार्थ्याला तो कानांनी ओळखता येईलच असे नाही.

म्हणून श्रवणचाचणीत काही पथ्ये पाळावी लागतात. मजकूर निबंधासारखा नसून बोलण्यासारखा असावा. प्रश्न आधी वाचावयास द्यावेत, म्हणजे स्मरणशक्तीवर अकारण भार पडत नाही. मागच्या बाकावरही आवाज सारखाच पोहोचावा. उत्तरे मातृभाषेतून लिहिण्याची मुभा द्यावी, अन्यथा समजले असूनही लिहिता न येणारा विद्यार्थी ‘न समजलेला’ ठरतो. श्रुतलेखनाचे साधे साधनही उपेक्षणीय नाही. वाक्य पुरेसे लांब असल्यास अर्थ कळल्याशिवाय ते ध्यानात ठेवून लिहिता येत नाही.

दोन्ही चाचण्यांचे गुण शेजारी ठेवले म्हणजे खरा उपयोग दिसू लागतो. वाचन चांगले व श्रवण कच्चे असेल, तर विद्यार्थ्याला पुस्तके नव्हे, ऐकण्याची संधी हवी. श्रवण चांगले व वाचन कच्चे असेल, तर शब्दसंग्रह आणि वाचनाचा सराव हवा. दोन्ही कच्चे असतील, तर इंग्रजी व्याख्यानांच्या जोडीला मातृभाषेतील स्पष्टीकरणाची सोय करणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य ठरते. आणि दोन्ही चांगले असूनही तो विषयात मागे पडत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागेल.

अर्थात, अशी चाचणी वर्षाच्या अखेरीस घेऊन भागत नाही. ती आरंभीच घ्यावयास हवी. अखेरीस घेतलेली चाचणी फक्त निवाडा देते. आरंभी घेतलेली चाचणी शिक्षकाला वाट दाखवते, आणि भाषेच्या भिंतीपलीकडे थांबलेल्या विद्यार्थ्याला त्याची बुद्धी सिद्ध करण्याची संधी देते.