स्कॅनिंग झालं, आता दरवर्षी किती?

पोथ्या, दप्तरं, प्रबंध स्कॅन करायला संस्थेला एकदाचं अनुदान मिळतं. कंत्राटदार हार्ड डिस्क हातात ठेवतो आणि ती कपाटात जाते. खरा खर्च तिथून सुरू होतो; अंदाजपत्रकात मात्र त्याला रकानाच नसतो.

आधी आकारमान काढा. ए-फोर पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन करून टिफमध्ये न दाबता ठेवलं, तर सुमारे २६ एमबी होतं. लाखभर पानांचे २.६ टीबी. प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक परगावी. म्हणजे जवळपास ८ टीबीची सोय.

हार्ड डिस्क पाच वर्षांनी बदलायचीच, असं धरून किमतीचा पाचवा हिस्सा दरवर्षी बाजूला टाका. एलटीओ-८ या प्रकारच्या एका चुंबकीय टेपवर १२ टीबी मावतात, पण तिचा ड्राइव्ह महाग, शिवाय तो एलटीओ-६ची टेप वाचत नाही. लहान संस्थेनं त्या फंदात पडू नये.

क्लाउडचे दर नीट वाचा. अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या दरांनी रोजच्या वापरातला १ टीबी महिन्याला सुमारे २३ डॉलरला पडतो, क्वचितच उघडायच्या फायलींसाठीच्या डीप आर्काइव्हमध्ये जेमतेम १ डॉलरला. पण तोच टीबी परत उतरवून घ्यायला ९० डॉलरच्या आसपास लागतात.

डीस्पेस, आर्काइव्हमॅटिका ही डिजिटल संग्रह सांभाळणारी सॉफ्टवेअर मोफत आहेत. ती चालवणाऱ्याला पगार लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच सर्वांत मोठा आकडा ठरतो. तिथे काटकसर करू नका.

मराठीचं दुखणं आणखी वेगळं. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती यांच्या फाँटमध्ये टाइप केलेले कितीतरी प्रबंध आणि अंक आज पडून आहेत. फाइल शाबूत असते, पण फाँट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरं फुटतात. त्यामुळे मुद्रितशोधनाचे पैसे पानागणिक धरावेच लागतात. हे काम लांबवू नका, कारण ते फाँट चालणारे जुने संगणक भंगारात जात आहेत. मूळ फाइल, फाँट बसवलेली पीडीएफ-ए प्रत आणि युनिकोड मजकूर, तिन्ही ठेवा.

पुढच्या निविदेत दोन अटी घाला: प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली किंवा बिघडली का, हे ताडून पाहण्याचा संकेतांक) सोबत द्यावा, आणि वर्षातून एकदा परगावच्या प्रतीतून शंभर फायली आपल्या देखत उघडून दाखवाव्यात. त्याचं बिल वेगळं मागितलं, तरी द्या.