नावानिशी दिलेली मूल्ये : रुबी संगणकभाषेतील एक पाठ

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले विटा हे यंत्रमागांसाठी आणि देशभर विखुरलेल्या गलाई व्यावसायिकांसाठी ओळखले जाते. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या व्यवसायात वजन, टंच आणि घट या तीन आकड्यांवर हिशेब उभा असतो. ५० ग्रॅम सोन्याचा टंच ९१६ असल्यास शुद्ध सोने ४५.८ ग्रॅम भरते. हा हिशेब संगणकावर ठेवताना कोणता आकडा कोणत्या नावाने पुढे गेला, यास फार महत्त्व असते.

जपानी संगणकतज्ज्ञ युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या रुबी या भाषेत नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या संचास 'हॅश' म्हणतात. ठरावीक काम करणारा आज्ञांचा गट म्हणजे 'मेथड'. कोणती मेथड चालवावयाची हे पुष्कळदा आधी ठरलेले नसते. वापरणारा 'शुद्ध वजन' किंवा 'घट वजा' यांपैकी जे निवडील, त्या नावाची मेथड 'सेंड' या आज्ञेने बोलावली जाते व सोबत हॅश दिला जातो.

खरी मेख येथेच आहे. मेथड नावानिशी मूल्ये मागत असेल, तर हॅशच्या आधी दोन तारका (**) द्याव्या लागतात. त्या दिल्या की संच उलगडतो आणि प्रत्येक मूल्य आपापल्या नावावर जाते. तारकांविना तो एकच अखंड वस्तू म्हणून पोचतो. रुबीच्या जुन्या आवृत्त्या शेवटचा हॅश आपणहून उलगडून घेत. २०१९ च्या २.७ आवृत्तीने याबाबत इशारा दिला आणि २५ डिसेंबर २०२० रोजी आलेल्या ३.० आवृत्तीने ही सवलत बंद केली.

आवश्यक नाव मिळाले नाही तर संगणक चूक दाखवून थांबतो. ही अडचण बरी म्हणावी. परंतु समजा, 'घट वजा' ही मेथड आधी एक ऐच्छिक शेरा घेते आणि घट न कळविल्यास शून्य धरते. तारका विसरल्यास ०.२ ग्रॅम घटीचा हॅश शेऱ्याच्या जागी जाऊन बसेल, घट शून्य राहील आणि चुकीचा संदेशही येणार नाही. प्रत्यक्षात नसलेले ०.२ ग्रॅम सोने वहीत मात्र राहील.

मेथडला संपूर्ण हॅशच हवा असेल, तेव्हा अर्थातच तारका देऊ नयेत. प्रपत्रातून आलेल्या हॅशमधील नावे बहुधा साध्या अक्षरमालेच्या रूपात असतात. ती रुबीच्या 'सिंबॉल' रूपात बदलल्याखेरीज मेथडच्या नावांशी जुळत नाहीत. शिवाय 'सेंड' ही आज्ञा खाजगी मेथडही चालविते. म्हणून बाहेरून आलेले नाव प्रथम परवानगीच्या यादीशी ताडून पाहावे आणि मगच 'पब्लिक सेंड' वापरावे.