अमेरिकेतील घरझडती आणि संमतीच्या मर्यादा

भारतात झडती म्हटली की पंच आणि पंचनामा गृहीत धरले जातात. अमेरिकेत पंच नसतात, आणि तेथे घराचे संरक्षण प्रामुख्याने १७९१ च्या चौथ्या घटनादुरुस्तीवर, म्हणजे न्यायाधीशाने सबळ कारण तपासून काढलेल्या झडती-वॉरंटवर अवलंबून असते. घरातील व्यक्तीने स्वेच्छेने संमती दिली, तर मात्र वॉरंटची गरजच उरत नाही. नकाराचा अधिकार आहे हे सांगण्याचे बंधन पोलिसांवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या श्नेक्लॉथ खटल्यात ठरवले. तेव्हा तो अधिकार आधीच ठाऊक असणे भाग आहे. मात्र वॉरंट असल्याचे सांगून मिळवलेला होकार ही संमती नव्हे, ती सत्तेपुढची शरणागती होय, हे त्याच न्यायालयाने १९६८ मध्ये स्पष्ट केले होते.

संमती कोण देऊ शकतो, हा खरा अवघड भाग आहे. घरमालक भाडेकरूच्या वतीने ती देऊ शकत नाही. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकाने दिलेली संमती सहसा पुरते, परंतु दारात हजर असलेल्या दुसऱ्याने नकार दिल्यास त्याच्याविरुद्ध ती चालत नाही (रँडॉल्फ खटला, २००६). त्या नकार देणाऱ्याला पोलिसांनी कायदेशीर कारणाने अटक करून नेले, तर मागे राहिलेल्याची संमती पुरेशी ठरते, असे २०१४ च्या निकालाने म्हटले, आणि त्यामुळे आधीच्या निकालाचा बराचसा जोर ओसरला. शिवाय संमती देणाऱ्याला तसा अधिकार आहे, असा पोलिसांचा वाजवी समज झाला असला, तरी झडती टिकू शकते. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आईवडील किंवा सासूसासरे पाहुण्याला ‘या’ म्हणावे तसे दार उघडून बाजूला होतात; अशी कृतीही मूक संमती मानली जाण्याचा संभव असल्याने, तेथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी वडीलधाऱ्यांना ही गोष्ट आल्याबरोबर समजावून सांगावी.

संमतीची व्याप्ती बोलण्यातून सामान्य माणसाला जे समजेल तेवढीच असते. ती एका खोलीपुरती देता येते आणि आक्षेपार्ह काही सापडण्यापूर्वी मागेही घेता येते. इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या हातातील प्रशासकीय वॉरंटवर न्यायाधीशाची सही नसते, म्हणजे ते वर सांगितलेले झडती-वॉरंट नव्हे; म्हणून सही कोणाची हे पाहिल्याशिवाय दार उघडू नये. कोणाचा जीव धोक्यात असल्यास पोलिसांना संमतीविनाही आत येता येते. नकार शब्दांनी, शांतपणे द्यावा. पोलिसांना अंगाने अडवू नये, खोटे बोलू नये, आणि झडती झालीच तर आपला नकार त्यांच्यासमोर पुन्हा स्पष्ट सांगून वकिलाला कळवावे.