वचन सैतानालाही पाठ होतं

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्सामध्ये दर वर्षी एकच प्रसंग वाचला जातो: अरण्यात झालेली येशूची परीक्षा. एका वर्षी तो मत्तयकडून ऐकायचा, पुढच्या वर्षी मार्ककडून, मग लूककडून. मार्क दोन वचनांत आटोपतो. मत्तय आणि लूक मात्र येशू आणि सैतान यांचा सगळा संवाद देतात. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून तो संवाद वाचताना मला एक गोष्ट खटकली, आणि या लेखाचा विषय तीच आहे. त्या संवादात दोघांच्याही तोंडी पवित्र शास्त्र आहे.

अर्धं वचन

सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. आधाराला तो ९१ वं स्तोत्र देतो: देवदूत तुला हातांवर झेलतील, पायाला दगडसुद्धा लागणार नाही. वचन खरंच आहे, त्याने पदरचं काही घातलेलं नाही. फक्त ते स्तोत्र उघडून पुढे वाचा. लगेचच्या वचनात सिंह आणि साप पायाखाली तुडवले जातात. सैतान नेमका त्याच्या आधी थांबतो! शिवाय ते स्तोत्र देवाच्या सावलीत राहणाऱ्या माणसाचं आहे, देवाला अडचणीत पकडायला उंचावरून उडी मारणाऱ्याचं नाही.

म्हणजे वचन पाठ असणं पुरेसं नाही. आपणही हेच करतो. आळस करायचा असला की उद्याची चिंता करू नका हे आठवतं. कुणी आपली चूक दाखवली की दुसऱ्याचा न्याय करू नका हे आठवतं. मोहाला विरोध करायला हाती घेतलेलं वचन कधी मोहाचाच वकील होतं, ते कळतही नाही.

उत्तरं कुठून आली?

येशू तीन उत्तरं देतो आणि तिन्ही 'अनुवाद' या एकाच पुस्तकातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. अरण्यात चाळीस वर्षं काढलेल्या लोकांना मोशे तिथे सगळं आठवून देतोय. भाकरीबद्दलच्या उत्तरामागे मान्न्याची गोष्ट आहे. देवाची परीक्षा पाहू नये या उत्तरामागे मस्सा इथलं पाण्यावरून झालेलं भांडण आहे. येशूचे चाळीस दिवस त्या चाळीस वर्षांवर ठेवून बघा. जिथे लोक पडले, तिथेच तो उभा राहतो. त्याच्याकडे सुटी वाक्यं नव्हती. वाक्याबरोबर त्यामागची भूक, तहान आणि चूकही त्याला आठवत होती.

तिसरं उत्तर, फक्त देवाचीच सेवा कर हे, मला आपल्या सुरतेसाठी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच्या आधीच्या तीन वचनांत मोशे सांगतो की तुम्ही न बांधलेली शहरं, न भरलेली घरं, न खोदलेल्या विहिरी तुम्हाला मिळतील. पोटभर खाल तेव्हा सांभाळा, देवाला विसराल. जगातली राज्यं आणि त्यांचं वैभव दाखवणाऱ्या सैतानाला येशू इथून उत्तर देतो.

सुरत हे पोटासाठी आलेल्यांचं शहर आहे. ताप्ती लाइनने खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं उधना-लिंबायतमध्ये स्थिरावली, लूमवर राबली. त्यांच्यासाठी पहिला मोह भाकरीचा होता. आपल्या पिढीसमोर तिसरा जास्त आहे: रिंग रोडवरची दुकानं, मोबाइलवर एका रात्रीत पैसे दुप्पट करून देणारी ॲप्स, 'सेटिंग' लावून मिळणारी नोकरी. भूक भागल्यावर येणारा मोह ओळखायला जास्त अवघड जातो, कारण तो प्रगतीसारखा दिसतो.

मडगावचा प्रश्न

मग वचन गोष्टीसकट मनात उतरावं कसं? हा प्रश्न मराठीत चारशे वर्षांपूर्वीच विचारला गेलाय. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच मडगावच्या चर्चमधला प्रसंग आहे. मुलांना धर्मशिक्षण चाललेलं असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो: तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? धर्मशिक्षणातली प्रश्नोत्तरं त्याला नकोशी नव्हती, पण तेवढ्याने भागत नव्हतं. उत्तर म्हणून स्टीफन्सनी जुना आणि नवा करार दहा हजारांहून जास्त ओव्यांत सांगितला. ओवी गळ्यात बसते, आणि तिच्याबरोबर आख्खी गोष्ट बसते.

पुढे १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेलं. १७९९ पर्यंतच्या त्या काळात या पुराणाच्या वाचनाने आपली श्रद्धा टिकली, अशी त्या समाजाची आठवण सांगितली जाते.

वाचायचं कसं?

पद्धत 'अनुवाद'च्या त्याच सहाव्या अध्यायात आहे: ही वचनं मनात ठेवा, घरी बसताना, रस्त्याने चालताना, झोपताना, उठताना त्यांच्याविषयी बोला. यावरून मी तीन गोष्टी करते. तुम्हीही करून बघा.

१. स्टेटसवर आलेलं वचन आवडलं, की त्याचा पूर्ण अध्याय वाचायचा. आधी काय घडलं, नंतर काय येतं, हे कुणाला तरी तोंडी सांगून बघायचं.

२. मराठी आणि इंग्रजी बायबल शेजारी ठेवायची. प्रभूच्या प्रार्थनेत आपण कॅथलिक 'मोह' म्हणतो, प्रॉटेस्टंट भाषांतरात 'परीक्षा' आहे. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ आहेत. हे कळल्यापासून मोहाची वेळ म्हणजे आपलं मन कुठे आहे हे दाखवणारी वेळ, असं मी धरते.

३. वचन आठवलं की स्वतःला विचारायचं: हे मला सोयीचं आहे म्हणून आठवलं का? उत्तर 'हो' असेल, तर पुढचं वचन वाचायचं.

एक गंमत सांगायची राहिली. लूकचं शुभवर्तमान वाचतात त्या वर्षी, त्याच रविवारी प्रतिसाद स्तोत्र म्हणून ९१ वं स्तोत्र म्हटलं जातं, सैतानाने वापरलेलं तेच. त्याने वापरलं म्हणून चर्चने ते टाकून दिलं नाही. आपण सगळे मिळून ते म्हणतो, आणि सिंह-सापांच्या वचनापाशी थांबत नाही.